डुलुथचं बंदर बघायचंय? मग जहाज सगळ्यात शेवटी बघा

बडोद्याच्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मिनियापोलिसला मुलांकडे राहायला जातं. एखाद्या शनिवारी मुलं त्यांना गाडीत घालून अडीच तासांवरच्या डुलुथला नेतात. पुलाखाली फोटो होतो, आइस्क्रीम होतं, वेळ जुळली तर एखादं जहाज दिसतं आणि संध्याकाळी परत. दांडिया बाजारात भेटल्यावर विचारलं की उत्तर येतं, "छान होतं, सरोवर अगदी समुद्रासारखं!" हे ऐकून मला हळहळ वाटते. समुद्रापासून पावणेचार हजार किलोमीटर आत, गोड्या पाण्यावर, वर्षाला तीन-साडेतीन कोटी टन माल हलवणारं हे बंदर आहे. ते नीट समजून घ्यायला एक दिवस पुरतो, मात्र तो कोणत्या क्रमाने घालवायचा हे आधी ठरवायला हवं.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या मालवाहतुकीत गेली, प्रतापनगरला. रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, कुठे अडकला, वाघिणी, म्हणजे मालडबे, किती वेळात रिकाम्या झाल्या, डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, कोणावर पडलं, हेच आयुष्यभर पाहिलं. म्हणून बंदराकडे मी रुळांच्या बाजूने बघते, आणि तुम्हीही तसंच बघावं असं मला मनापासून वाटतं. जहाज हा मालाच्या प्रवासाचा फक्त एक टप्पा असतो. आपल्या गायकवाड सरकारनेही हे ओळखलं होतं. राजधानी समुद्रापासून लांब असूनही त्यांनी 1920 च्या दशकात काठियावाडच्या टोकाला ओख्याचं बंदर उभं केलं, ते आगगाडीशी जोडूनच.

निघण्यापूर्वी, घरी बसून

एक मोठा नकाशा घ्या, शक्यतो कागदाचा. सुपीरियर सरोवराचं पश्चिमेकडचं टोक शोधा. तिथे दोन गावं समोरासमोर आहेत: मिनेसोटा राज्यातलं डुलुथ आणि विस्कॉन्सिन राज्यातलं सुपीरियर. दोघांचं बंदर एकच, सेंट लुईस नदीच्या मुखाशी. आता तिथून अटलांटिक महासागरापर्यंत बोट फिरवा. सुपीरियर, मग सू या गावचे लॉक (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे बंद कप्पे), ह्युरॉन, डेट्रॉइटची नदी, ईरी, वेलंड कालवा, ऑन्टारिओ आणि शेवटी सेंट लॉरेन्स नदी. सुपीरियरचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 183 मीटर उंच आहे. एवढी उंची जहाज एकूण 16 लॉकमधून उतरतं: सू इथे एक, वेलंडवर आठ, सेंट लॉरेन्सवर सात. नायगारा तर तुम्ही बघालच. तो धबधबा जहाजांच्या वाटेत आडवा उभा आहे, आणि त्याला वळसा घालून जाणाऱ्या वेलंड कालव्यात जहाजं जवळजवळ 100 मीटर चढतात-उतरतात.

सरोवराचा आकारही आधीच डोक्यात बसवून घ्या. क्षेत्रफळ 82,100 चौरस किलोमीटर, म्हणजे गुजरातच्या दोन पंचमांशांहून थोडं जास्त. सर्वांत खोल जागी 406 मीटर पाणी आहे.

नकाशावर दोन मापं पेन्सिलीने लिहून ठेवा. वेलंड आणि सेंट लॉरेन्सच्या लॉकमधून 740 फूट लांब आणि 78 फूट रुंद, एवढंच जहाज जातं. सू इथला पो लॉक मात्र 1,200 फूट लांब आणि 110 फूट रुंद आहे. या दोन आकड्यांतून डुलुथला येणाऱ्या जहाजांच्या दोन जाती ठरतात. एक समुद्रावरून येणारी, तिथे त्यांना 'सॉल्टी' म्हणतात. दुसरी सरोवरातच जन्मून सरोवरातच आयुष्य काढणारी 'लेकर'. त्यांतली सगळ्यात मोठी हजार फूट लांब असतात आणि ती ईरी सरोवराच्या पुढे कधीच जाऊ शकत नाहीत. हे माहीत असलं की पुलाखालून येणारं जहाज कुठल्या जातीचं, हे तुम्ही नातवंडांना लांबूनच सांगू शकाल. गव्हासाठी आलेल्या सॉल्टीवर बहुतेक वेळा डेकवर क्रेन दिसतात. लेकरवर एक लांबलचक बूम आडवी ठेवलेली असते. ती बाजूला फिरवून जहाज स्वतःचा माल स्वतःच सरकत्या पट्ट्यावरून किनाऱ्यावर ओततं.

जायची वेळ मे ते ऑक्टोबर. जुलैतसुद्धा स्वेटर बरोबर ठेवा. सरोवरावरून वारा फिरला की मिनियापोलिसचा उकाडा कुठल्या कुठे जातो.

सकाळी आधी टेकडी

मुलांना सांगा, थेट पुलाकडे नको, आधी एंगर टॉवरला चला. हा दगडी मनोरा टेकडीवर आहे आणि तिथून सगळं बंदर एका नजरेत येतं. समोर वाळूचा एक लांब, अरुंद पट्टा दिसेल. सरोवर त्याच्या पलीकडे आणि बंदर अलीकडे. लाटा अडवायला निसर्गाने बांधलेला बांधच आहे तो. बंदरात आत येण्याच्या वाटा दोन. सुपीरियर गावाकडची वाट नैसर्गिक आहे. डुलुथची वाट माणसाने 1870-71 मध्ये खणलेला कालवा आहे, कारण डुलुथवाल्यांना जहाजं आपल्या दारात हवी होती आणि शेजारच्या गावाला ते नको होतं. कोर्टाची मनाई यायच्या आत गावकऱ्यांनी रातोरात फावड्यांनी कालवा खणला, अशी एक गोष्ट तिथे ऐकायला मिळेल. ऐकायला छान आहे, पण खणायचं काम वाफेवर चालणाऱ्या ड्रेजरने केलं होतं.

आता पाण्यावरून नजर उचला आणि रूळ शोधा. पश्चिमेकडे पाण्यात शिरलेला एक उंच, लांब, काळपट सांगाडा दिसेल. हा लोहखनिजाचा धक्का. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेला, सुमारे 700 मीटर लांब आणि पाण्यापासून 25 मीटर उंच. उंची कशाला, हे नातवंडांना विचारा. आगगाडी या धक्क्याच्या माथ्यावर चढते, वाघिणींचे तळ उघडतात, माल खालच्या कप्प्यांत पडतो आणि तिथून घसरगुंडीसारख्या नळीतून जहाजाच्या पोटात. वजनाने आपलं काम आपणच करावं, अशी ही रचना. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी तत्त्व बदललेलं नाही.

इथे थोडा हिशेब करा, बंदर कळण्याची किल्ली त्यात आहे. आपल्याकडे बॉक्सएन नावाच्या उघड्या वाघिणींचा 58 चा रेक साधारण पावणेचार हजार टन माल नेतो. हजार फुटी लेकर साठ हजार टनांच्या पुढे भरतं. म्हणजे एका जहाजासाठी सोळा रेक! ते सगळे एकाच दिवशी दारात उभे राहू शकत नाहीत, आणि जहाजाला थांबवून ठेवणं परवडत नाही. म्हणून मध्ये साठा लागतो: मोकळी जमीन, ढीग, पट्टे, आणि ढिगाचा हिशेब ठेवणारी माणसं. मी कंट्रोलमध्ये बसायचे तेव्हा एका सायडिंगवर दोन रेक एकदम आले तरी सगळ्यांची धावपळ व्हायची. इथे ती अडचण जागेचं नियोजन करून आधीच सोडवून ठेवलेली आहे. टेकडीवरून ते ढीग दिसतात. त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघा.

हे खनिज येतं उत्तरेच्या मेसाबी पट्ट्यातून, शंभरेक किलोमीटरवरून. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला मेरिट कुटुंबातल्या भावांनी तिथे खाणी उघडल्या आणि स्वतःची रेल्वे डुलुथपर्यंत आणली. 1893 च्या मंदीत ती त्यांच्या हातून उद्योगपती रॉकफेलरकडे गेली आणि 1901 मध्ये यूएस स्टील या नव्या कंपनीत सामील झाली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत चांगल्या प्रतीचं खनिज उपसून संपत आलं. उरला टॅकोनाइट नावाचा कठीण दगड, ज्यात लोह कमी. तो दळायचा, चुंबकाने लोह वेगळं काढायचं, मातीच्या साहाय्याने गोळ्या वळायच्या आणि भट्टीत भाजायच्या, ही पद्धत 1950 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. आज जहाजांत भरतात त्या याच गोळ्या, गोटीएवढ्या. हा बदल झाला नसता तर मेसाबीच्या खाणींबरोबर हे धक्केही ओस पडले असते, असं मला वाटतं.

टेकडीवरूनच सुपीरियर गावाच्या बाजूला कोळशाचं टर्मिनलही दिसतं. वायोमिंगकडचा कोळसा रेल्वेने येतो आणि इथे जहाजात चढतो. 1976 मध्ये सुरू झालेलं हे काम एकेकाळी फार जोरात होतं. आता कोळशावरची वीजकेंद्रं बंद होत चालल्याने ओसरत आहे. उंच कोठारं धान्याची: गहू, विशेषतः पास्त्याला लागणारा ड्युरम, युरोप आणि उत्तर आफ्रिकेकडे जातो. आत येणाऱ्या मालात चुनखडी मोठी.

बंदर कोणाचं, हे विचारा

आपल्याकडे बंदर म्हटलं की एक ट्रस्ट किंवा एक कंपनी, एक फाटक, एक चेअरमन असं चित्र डोळ्यांसमोर येतं. डुलुथला तसं नाही. पुष्कळसे धक्के खाजगी आहेत: रेल्वे कंपन्यांचे, धान्य कंपन्यांचे, सिमेंटवाल्यांचे. वाहतुकीच्या वाटांची खोली राखणं हे अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचं काम. पूल चालवते डुलुथची नगरपालिका. सुरक्षा आणि दीपखुणा तटरक्षक दलाकडे. मग पोर्ट अथॉरिटी काय करते?

ती 1955 मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झाली. सेंट लॉरेन्सचा जलमार्ग होणार हे नक्की झालं होतं आणि समुद्री जहाजांसाठी एक सार्वजनिक धक्का हवा होता. तिचे सात सदस्य असतात. तीन शहराच्या परिषदेने नेमलेले, दोन जिल्ह्याच्या मंडळाने आणि दोन राज्यपालांनी. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. बंदराचा फायदा गावाला, खाणींच्या जिल्ह्याला आणि सगळ्या राज्याला होतो, तेव्हा तिघांचीही माणसं टेबलाशी हवीत. अथॉरिटी क्लूर टर्मिनलची मालक आहे. रोजचं काम दुसरी मंडळी भागीदारीत चालवतात. पवनचक्क्यांची पाती आणि कारखान्यांची अवजड यंत्रं इथेच उतरतात, कारण इथून रूळ आणि रस्ता थेट मधल्या राज्यांत जातात. 3 मे 1959 ला 'रामॉन दे लार्रिनागा' हे ब्रिटिश जहाज नव्या जलमार्गाने डुलुथला पोचणारं पहिलं समुद्री जहाज ठरलं.

एक कायदा लक्षात ठेवा, म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. 1920 च्या जोन्स ॲक्टप्रमाणे एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं, तिथल्याच मालकीचं आणि तिथल्याच खलाशांचं हवं. म्हणून खनिजाची देशांतर्गत वाहतूक लेकरकडे आणि सॉल्टीकडे परदेशी जाणारा गहू, अशी वाटणी दिसते.

पाण्याचा एक इंच

दुपारी पुलाजवळ कॅनाल पार्कमध्ये अभियंता दलाचं सागरी संग्रहालय बघा. प्रवेश मोफत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या अपेक्षित वेळा तिथे लावलेल्या असतात. त्या आधी बघून मग जेवायचं ठरवा. आतल्या मोठ्या लाकडी-पितळी वस्तूंत मुलं रमतील. तुम्ही मात्र पाण्याच्या पातळीबद्दल विचारा.

बंदरातल्या वाटा 27 फूट खोल राखतात. हजार फुटी जहाज एक इंच कमी बुडवायचं ठरलं तर सुमारे 270 टन माल मागे राहतो. चार वाघिणी! म्हणून सरोवर थोडं उतरलं की कप्तान जहाज कमी भरतात आणि दर खेपेचा खर्च वाढतो. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाही. पण वारा एका टोकाकडून पाणी ढकलतो आणि ते परत झुलतं, त्यामुळे काही तासांत पातळी वरखाली होते. सरोवरातून सू इथे किती पाणी सोडायचं, हे अमेरिका आणि कॅनडा मिळून एका संयुक्त आयोगामार्फत ठरवतात. तो आयोग 1909 च्या करारातून आला आणि सूचे दरवाजे 1921 पर्यंत पूर्ण झाले. दोन देश एका तळ्याचं पाणी शंभर वर्षं वाटून घेत आहेत, आणि आजही तीच व्यवस्था चालू आहे.

गाळ काढायचा खर्च कुठून येतो? 1986 पासून अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या मालाच्या किमतीवर कर आहे, आता तो 0.125 टक्का आहे. स्वस्त, जड माल असलेल्या बंदराकडून कर कमी जमतो आणि गाळ मात्र तेवढाच साचतो. म्हणून सरोवरांवरची बंदरं आपला वाटा मिळावा म्हणून सतत आग्रह धरतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

गोड्या पाण्याचे दोन त्रास आवर्जून बघा. खारं पाणी नाही म्हणजे लोखंड टिकेल, असं वाटतं. पण 1990 च्या दशकाच्या शेवटी पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांना इथल्या धक्क्यांच्या पोलादी भिंतींना भोकं पडलेली दिसली. जिवाणूंमुळे होणारा गंज आणि हिवाळी बर्फाचं घासणं, दोन्ही मिळून पत्रा खात होते. दुरुस्तीचा खर्च दर मालकाच्या अंगावर आला. दुसरा त्रास जहाजांनी पोटात आणलेल्या पाण्याचा. समतोलासाठी भरलेल्या त्या पाण्याबरोबर 1980 च्या दशकात परके मासे आणि शिंपले इथे आले आणि स्थिरावले. आता समुद्री जहाजांना वर येण्यापूर्वी टाक्या खाऱ्या पाण्याने धुवाव्या लागतात.

आता पूल, आता जहाज

कालव्यावरचा हा पूल 1905 मध्ये बांधला तेव्हा त्याला रस्ताच नव्हता. वरच्या तुळईला लटकलेली एक पेटी माणसं आणि गाड्या घेऊन इकडून तिकडे जायची. 1929-30 मध्ये त्यात उचलणारा रस्ता बसवला. तो रस्ता काँक्रीटच्या दोन अवजड ठोकळ्यांनी तोलून धरलेला आहे, त्यामुळे मोटरला थोडीच ताकद लागते. उन्हाळ्यात लहान बोटींसाठी पूल अर्ध्या-अर्ध्या तासाने उचलतात. मोठ्या जहाजासाठी केव्हाही. पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर लोकवस्ती आहे, त्यांना तेवढा वेळ थांबावं लागतं. म्हणून तुम्ही पलीकडे गेलात तर औषधाच्या आणि परतीच्या वेळेत थोडी मोकळीक ठेवा.

जहाज आलं की कठड्याला जागा घ्या, पण मुलांचा हात सोडू नका. कालवा 300 फूट रुंद आणि मोठं जहाज 105 फूट. अगदी हाताजवळून गेल्यासारखं वाटतं. तीन लांब आणि दोन आखूड भोंगे ऐकू आले तर ती कप्तानाची सलामी. पूलही तसंच उत्तर देतो. आत येणारं लेकर रिकामं असलं तर पाण्याबाहेर उंच दिसेल, भरून बाहेर जाताना खाली बसलेलं. तुम्ही सकाळी रूळ, ढीग आणि धक्का बघितलेला आहे, त्यामुळे त्या बसण्यात किती रेक आहेत हे तुम्हाला आता सांगता येईल.

ही जागा धोक्याचीही आहे, हे मुलांना जरूर सांगा. 28 नोव्हेंबर 1905 च्या वादळात 'मटाफा' हे जहाज याच कालव्याच्या तोंडाशी आदळून मोडलं आणि किनाऱ्यावर हजारो माणसं बघत असताना त्यातल्या नऊ खलाशांचा जीव गेला. त्या वादळातल्या हानीनंतर उत्तर किनाऱ्यावर स्प्लिट रॉकचं दीपगृह उभं राहिलं. 1975 मध्ये 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे जहाज 9 नोव्हेंबरला सुपीरियरच्या धक्क्यावरून 26 हजार टनांहून जास्त गोळ्या भरून निघालं आणि दुसऱ्या दिवशी वादळात 29 जणांसह बुडालं. नोव्हेंबर तिथे अजूनही आदराने आणि भीतीने उच्चारतात.

थंडीत गेलात तर

काही मंडळी बाळंतपणासाठी हिवाळ्यात जातात. तेव्हा जहाजं नसतात, तरी चुकवू नका. सूचे लॉक दरवर्षी 15 जानेवारीला बंद होतात आणि 25 मार्चला उघडतात. खाणी आणि रेल्वे मात्र चालूच. म्हणजे पोलाद कारखान्यांना दहा आठवड्यांचा माल आधी पोचवावा लागतो आणि इकडे त्या दहा आठवड्यांचं खनिज साठवावं लागतं. वसंतातली पहिली जहाजं त्या ढिगांवरच भरतात. काही लेकर हिवाळ्यासाठी याच बंदरात नांगर टाकतात आणि त्यांच्या डागडुजीचं वर्षाचं काम सुपीरियरच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत निघतं. त्याच गावात बार्कर्स आयलंडवर 'मीटिअर' हे 1896 मधलं गोल पाठीचं जहाज जपून ठेवलं आहे. त्या जातीतलं ते एकच उरलं. मात्र आतून बघायला उन्हाळ्यातच मिळतं.

परतीच्या आधी, बघितलेल्या जहाजाचं नाव वहीत लिहून घ्या. ते मागे, सुकाणूच्या वर रंगवलेलं असतं. घरी जहाजांचा मागोवा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ते नाव टाका. लेकर असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास सूच्या लॉकपाशी दिसेल. नंतर ते इंडियानातल्या गॅरीकडे वळतं की ईरीकडे, ते बघा. सॉल्टी असेल तर पुढचे काही दिवस वेलंडच्या आठ लॉकवर लक्ष ठेवा.